सुदाम, तुझे दीड पान

तुझ्या आधी तुझ्या हातांचा वास जिना चढायचा. लेथवर लोखंड कापताना वरून जे पांढुरके पाणी सोडतात, त्या कूलंटचा वास; आंबूस, किंचित दुधाळ, तांब्याचे नाणे जिभेवर ठेवावे तसा. वाळूजच्या वर्कशॉपमधली पहिली पाळी संपवून, साबणाने कोपरापर्यंत हात घासून तू यायचास, तरी तो वास तुझ्या नखांच्या कडा धरून बसलेला असे. खाली पिठाची गिरणी, वर आपल्या मंडळाची खोली. दळणाची गरम, गोडसर वाफ आणि तुझा तो लोखंडी वास जिन्याच्या वळणावर एकमेकांत मिसळत, आणि तू दारात चपला काढायच्या आत मी तुझी वही उघडून ठेवलेली असे.

परवा शब्दकोश उघडला आणि तोच वास आला. तू जाऊन दहा दिवस झाले होते. मागच्या पानांमध्ये चार घड्या घातलेला एक कागद होता. दीड पान. निळी शाई, ओळीखाली घसरत जाणारे अक्षर, प्रत्येक काना दोनदा गिरवलेला, आणि कडेला तुझ्या अंगठ्याचा तेलकट ठसा.

हा कागद माझ्याकडे असायला नको होता. तो दोन वर्षांपूर्वी औरंगपुऱ्यातल्या एका घड्याळाच्या दुकानात पोहोचायला हवा होता. तो तिथे पोहोचला असे समजून तू जगलास, आणि तसेच समजून गेलास.

म्हणून हे लिहिते आहे. मेलेल्या माणसाला लिहिणे सोपे असते, हे मला कळते. तो उलटून विचारत नाही. तू जिवंत होतास, दर गुरुवारी माझ्यासमोर हातभर अंतरावर बसत होतास, तेव्हा मी हे बोलले नाही.

पहिला गुरुवार आठवतो. मंडळ सुरू करणारे रऊफ सर, निवृत्त मुख्याध्यापक, तुला माझ्यासमोर बसवून म्हणाले, "हे सुदाम. शेंद्र्याकडचे. अकरा वर्षं आत होते. सातवीपर्यंत शाळा झालीय. यांना एक पत्र लिहायचं आहे. बाई, तुम्ही लिहायला शिकवा. लिहून देऊ नका."

मंडळाविषयी बाहेरच्यांना सांगताना मी नेहमी अडखळत आले. धर्माच्या नावाने ज्यांनी कधीकाळी हत्यार उचलले, शिक्षा भोगली आणि जे सुटून आले, त्यांना काम, भाड्याची खोली आणि बोलायला माणूस मिळवून देणारी आम्ही आठ-दहा माणसे. दोन्ही बाजूंचे लोक तिथे एकाच बाकावर बसत. तिथे नियम फारसे नव्हते. एक मात्र कडक होता, आणि तो रऊफ सरांनी भिंतीवर न लिहिताही सगळ्यांना पाठ होता: ज्याचे कृत्य, त्याचा कागद. ज्याला जखम केली त्याला पत्र लिहायचे, तर ते जखम करणाऱ्याच्याच हाताने आणि त्याच्याच बोलीत. मंडळाचा माणूस ते घेऊन जाईल, अक्षरही न बदलता वाचून दाखवील. भेटायचे की नाही, ते समोरचा ठरवील.

तुझ्या पत्रातला समोरचा माणूस होता हमीदभाई घड्याळजी. त्यांच्या दुकानाच्या पायरीशी तू ठेवलेल्या पिशवीतल्या स्फोटाने त्यांचे दोन्ही डोळे गेले. तेव्हा तू एकवीस वर्षांचा होतास. "कुणी मेलं तर नाय ना," असे तुझे जुने सोबती म्हणत, हे तूच मला सांगितलेस. आणि सांगून झाल्यावर तळहात कितीतरी वेळ पँटला पुसत राहिलास.

सात महिने लागले आपल्याला. आधी घरातल्या वस्तूंची नावे, मग माणसांची, मग पत्ते. पत्त्यांच्या दिवशी तुझ्या शेजारी मुनाफ होता. मुनाफ तुमच्या विरुद्धच्या टोळीतून आलेला. बाहेर कधी गाठ पडली असती तर दोघांपैकी एकच घरी परतला असता. इथे तुम्ही एका रबरावरून भांडत होता.

"बाई, शहराचं नाव कंचं लिवू?" तू विचारलेस.

खोली एकदम गप्प झाली. मुनाफने वहीतून डोके वर काढले नाही. "लिख रे सुदामा, मन में आता वो लिख. तुझं अक्षर बघून पोस्टमन तसाबी वापसच आणणार."

"तुझं लई मोत्यावानी!"

"पिन कोड लिहा दोघंही," रऊफ सर खिडकीतून म्हणाले. "पोस्टमनला तेवढा पुरतो."

तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली. बाक, पाट्या, खिडकीचे गज आणि आम्ही सगळे थरथरू लागलो. दळणाने की हसण्याने, ते ठरवायची कुणाला गरज वाटली नाही. त्या खोलीत मी जितके निर्धास्त हसले, तितके पस्तीस वर्षांच्या माझ्या महाविद्यालयीन नोकरीत कधी हसले नव्हते. हे तुझे देणे आहे, सुदाम. ते मी तुला कधी सांगितले नाही, कारण मला वाटत होते की देणारी मी आहे.

आपले भांडण नेहमी एकाच जागी येऊन अडे. मी सुचवले होते, सुरुवात 'माझ्या हातून चूक घडली' अशी कर.

"चूक नाय बाई."

"मग काय?"

"चूक म्हंजी नेम हुकला. माझा कुठं हुकला? जिथं ठिवायची तिथंच ठिवली व्हती."

मी खडू खाली ठेवला. "पण पश्चात्ताप होतो ना तुला?"

तू बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिलास, जणू कुणी तुझ्या हातात भलताच सुटा भाग दिला आहे आणि तो तुझ्या यंत्राला बसत नाही. "ह्यो शबुद लई धुतलेला हाय," तू म्हणालास. "ह्याला कशाचाच वास नाय."

मग तू मला तुझ्या टोळीतल्या दादाविषयी सांगितलेस. तो पत्रके लिहायचा. "तुमच्यावानीच भारी भाषा व्हती बाई. निम्मं कळायचं नाय, पर अंगावर काटा यायचा. काटा आला का वाटायचं, खरंच असंल."

मी ते वाक्य त्या संध्याकाळी माझ्या कवितेच्या वहीत उतरवून घेतले. मला ते सुंदर वाटले. ते माझ्याविषयी आहे, असे काही माझ्या मनात आले नाही.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी तू ते दीड पान माझ्या हातात ठेवलेस. "झालं बाई. आता ह्याच्यात काय घालायचं नाय आन काय काढायचं नाय."

मी वाचले. गिरणी बंद होती आणि खोलीत माझ्या बांगड्यांचाही आवाज मोठा वाटत होता. पान संपले तेव्हा मी त्याची घडी घातली.

"काही अक्षरं लागत नाहीत," मी म्हणाले. "मी स्वच्छ उतरवून काढते."

"उतरवा की. तुम्ही वाचणार, तुम्हाला लागलं पायजे." तू लगेच मान डोलावलीस. तुझ्या आवाजात शंकेची सावलीही नव्हती.

घरी आले आणि उतरवायला बसले. पहिल्या ओळीत तुझा एक शब्द बदलला. दुसऱ्यात दोन. तिसऱ्या ओळीनंतर मी तुझा कागद पाहिलाच नाही. तुझ्या 'मी सुदाम'च्या जागी मी लिहिले: 'तारुण्याच्या अंधारात वाट हरवलेला एक जीव आज क्षमेची रिकामी ओंजळ घेऊन आपल्या उंबऱ्याशी उभा आहे.' आणि तुझा मधला परिच्छेद मी सबंध गाळला. त्यात एक बुधवार होता, एक पंखा होता, पाण्याचा एक पेला होता. हे ऐकून त्या माणसाला दुसऱ्यांदा जखम होईल, असे मी स्वतःला सांगितले. ते कारण मोठे होते आणि दयाळू होते. खरे कारण त्याहून लहान होते. तुझ्या गद्याला लय नव्हती, आणि ते पत्र माझ्या आवाजात वाचले जाणार होते.

दुसऱ्या दिवशी आपण औरंगपुऱ्यात गेलो. नियमाप्रमाणे तू कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी थांबलास, मी एकटी आत गेले. दुकान म्हणजे एक काचेचे टेबल, भिंतीभर घड्याळे आणि आपापल्या वेळेने चालणारी त्यांची टिकटिक. उथळ पाण्यात शेकडो लहान खडे कुणी एकसारखे टाकत असावे तशी. हमीदभाईंची मुलगी शमीम डोळ्याला भिंग लावून चिमट्याने काहीतरी उचलत होती. हमीदभाई मागच्या खुर्चीत, एक मनगटी घड्याळ कानाशी धरून बसले होते. अजूनही ते असेच काम करत. कुठल्या घड्याळाचा कुठला भाग कुरकुरतो ते ऐकून सांगत आणि मुलगी तो उघडी.

"कोण आलंय? ऊन लई आहे," ते म्हणाले. "पंख्याखाली बसा जरा."

सुदाम, माझ्या पर्समध्ये दोन कागद होते. एक माझ्या अक्षरातला, एक तुझा. तुझ्या कागदावर, मी गाळलेल्या परिच्छेदात, अगदी हेच शब्द होते. त्या क्षणी मी थांबायला हवे होते. मी पंख्याखाली बसले आणि माझा कागद काढला.

मी चांगले वाचले. हे लिहितानाही लाज वाटते, पण ते खरे आहे. मी फार चांगले वाचले. कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज उतरवायचा, मला ठाऊक आहे. वाचून झाल्यावर कागदाची घडी घातली.

हमीदभाईंनी कानाशी धरलेले घड्याळ टेबलावर ठेवले. "बाईसाहेब, जबान लई उम्दा आहे." मग ते म्हणाले, "घड्याळ उघडलं ना, की कळतं आम्हाला. आतला पुर्जा कंपनीचा आहे का कुणी बदललाय. यातले सगळे पुर्जे बदललेत."

मी तो कागद पर्समध्ये ठेवला.

"एक विचारू? पोलिसांनी मला नाव सांगितलं त्याचं. नाव घेऊन मी काय करू? चेहरे माझ्याकडे त्या दिवसापर्यंतचेच आहेत. त्या आठवड्यात दुकानात आलेले सगळे मी एक एक काढून बघतो. अजून बघतो." त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली. "तो आधी आला होता का माझ्याकडे?"

उत्तर माझ्या पर्समध्ये होते. तुझ्या अक्षरात, निळ्या शाईत, माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

सुदाम, मी ते का म्हणाले, यावर गेली दोन वर्षे मी स्वतःशी वाद घालते आहे. खरे सांगितले असते तर विचारले गेले असते, मग पत्रात का नाही? आणि मला सांगावे लागले असते की ते मी काढले. एवढेच. माझे अक्षर वाचवण्यासाठी मी एका आंधळ्या माणसाला पुन्हा त्याच्या अंधारात, त्या आठवड्यातल्या चेहऱ्यांकडे पाठवून दिले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग त्याला सांगा, येऊ नको."

टपरीपाशी तू चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभा होतास. चहावर साय धरली होती. तू एक घोटही घेतला नव्हतास.

"काय म्हणले?"

"नको म्हणाले."

"समदं ऐकून?"

"हो," मी म्हणाले. एका दुपारी दुसऱ्यांदा.

तू ग्लास टपरीवर ठेवलास. "बरुबर हाय," तू म्हणालास. "त्यांचा हक हाय त्यो." आणि माझ्यासाठी रिक्षा थांबवलीस.

त्यानंतर तू पत्र लिहिले नाहीस. मंडळात येत राहिलास. नव्याने आलेल्यांना बाराखडी गिरवायला मदत करत राहिलास. पण तुझ्या आत एक दार कायमचे लागले होते आणि त्याची कडी बाहेरून मी घातली होती. रऊफ सरांनी विचारले तेव्हा "हमीदभाईंनी नकार दिला" एवढेच मी सांगितले. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. इतकी वर्षे भाषेची उपासना केल्यावर माणसाला हे एक नक्की जमते.

आणि मग माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. आठ दिवस वाचायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. घरात मी एकटी. तू न सांगता आलास, पाळी संपवून, डबा घेऊन, आणि खुर्ची ओढून वर्तमानपत्र वाचू लागलास. आठही दिवस. जोडाक्षराशी थबकायचास, मागे यायचास, पुन्हा धक्का द्यायचास, जसे चढावर ओझ्याची सायकल ढकलावी. 'अर्थसंकल्प' या शब्दावर आपण एकदा पूर्ण मिनिटभर थांबलो होतो.

"ह्यो अर्थसंकल्प म्हंजी लई अवघड जात हाय बाई. सरकारला तरी वाचता येतोय का?"

एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला. खोलीत फक्त तुझा आवाज आणि कूलंटचा वास. अंधारात बसलेल्या माणसाला आवाज कसा दिसतो, ते मला तेव्हा कळले. शब्दामागचा माणूस किती उघडा असतो, खोटे किती लवकर खणखणते. हमीदभाईंनी माझ्या वाचनात काय ऐकले असेल, ते मला पलंगावर पडल्या पडल्या ऐकू येऊ लागले.

पाचव्या दिवशी तू वर्तमानपत्राची घडी घालता घालता विचारलेस, "बाई, माझं पत्र वाचलं तवा त्यांचं तोंड कसं झालं व्हतं?"

मी उशीवर मान वळवली.

"न्हाई, म्हंजी... पाण्याचं वाचलं तवा. त्यांना याद आलं आसंल का?"

इथे होती ती वेळ, सुदाम. इतकी स्वच्छ वेळ पुन्हा येणार नव्हती. तू माझा चेहरा पाहत होतास आणि मी तुझा पाहू शकत नव्हते. कबुलीसाठी याहून सोपी खोली जगात नसते. मी म्हणाले, "डोळ्यांत टोचतंय. आज पुरे."

तू लगेच उठलास. पडदा ओढलास. जाताना तांब्याभर पाणी माझ्या उशाशी, हाताला लागेल असे ठेवलेस, आणि माझा हात धरून तो तांब्याला लावून दाखवलास. "हितं हाय बरं का बाई."

ते पाणी मी प्यायले. मीही तुझ्याकडून पाणी घेतले आणि तुझ्याशीही खरे बोलले नाही.

बारा दिवसांपूर्वी सकाळच्या पाळीत, लेथ बंद करून, "छातीत आवळल्यागत हुतंय" म्हणत तू खाली बसलास. पुढचे मला लिहायचे नाही. तुझ्या गावाहून चारजण आले, मंडळातले सगळे आलो. मुनाफने तुला खांदा दिला आणि कुणी काही म्हणाले नाही.

गुरुवारी खोलीत बसलो. गिरणीवाल्याने आपणहून गिरणी बंद ठेवली होती. बाकाच्या तुझ्या टोकाला कुणी बसेना. मुनाफ एकटाच बोलला, तोही भिंतीकडे पाहत.

"मी त्याला म्हणलो व्हतो, सुदामा, और एक बार लिख उनको. तो म्हणला, नक्को रे. अंदर का सब सच लिख्या था मैं. उनो सब सुन लिये, फिर भी नक्को बोले. अब दुसरी बार बोलने को बचाच क्या?" मुनाफने बाहीने नाक पुसले. "ऐसा आदमी. रबर मात्र वापस करत नव्हता हरामखोर."

सगळे हसले आणि रडले. मी दोन्हीपैकी काहीच करू शकले नाही. तोपर्यंत मला वाटत आले होते की मी तुझी एक ओळख पुसली, एक पत्र बिघडवले. त्या क्षणी कळले, मी काय केले होते. तू जन्मभरात एकदाच स्वतःला पूर्ण उघडून कुणापुढे ठेवलेस, आणि ते पाहून नाकारले गेले, असा तुझा समज झाला. वास्तविक ते कुणी पाहिलेच नव्हते. नाकारले गेले ते माझे लिहिणे होते. नकार माझा होता, आणि तो तू दोन वर्षे वाहिलास.

दुसऱ्या दिवशी शब्दकोशातून, दोन वर्षांपूर्वी मीच जिथे तो दडवला होता तिथून, तो कागद निघाला. मी तो घेऊन रऊफ सरांकडे गेले. सगळे सांगितले, बदललेल्या ओळी, गाळलेला परिच्छेद, दुकानातले खोटे, टपरीवरचे खोटे, ऑपरेशननंतरचा पाचवा दिवस. ते ऐकत होते. त्यांनी मला मध्येच तोडले नाही आणि धीरही दिला नाही. मी थांबले तेव्हा त्यांनी तुझा कागद हातात घेतलासुद्धा नाही.

"मला कशाला सांगता, बाई?" ते म्हणाले. "माझे डोळे शाबूत आहेत. पत्ता तुम्हाला माहीत आहे."

काल गेले. औरंगपुऱ्यात तीच गर्दी, टपरीवर तेच ग्लास. तुझ्या जागी कुणी दुसराच माणूस चहा पीत उभा होता आणि त्याचा मला राग आला.

शमीमने मला ओळखले. "अब्बा, त्या बाई आल्यात. पत्रवाल्या."

हमीदभाईंनी कानाशी धरलेले घड्याळ तसेच धरून ठेवले. या वेळी त्यांनी पंख्याखाली बसायला सांगितले नाही. मी काचेच्या टेबलासमोर उभी राहिले.

"सुदाम गेला," मी म्हणाले.

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

"आणि तुम्ही आज आलात."

"हो. त्या दिवशी मी जे वाचलं ते त्याचं नव्हतं. मी बदललं होतं. आणि तुम्ही जे विचारलंत, ते मला माहीत होतं. मी खोटं बोलले. त्याचं पत्र हे आहे. तुम्ही नको म्हणालात तर परत घेऊन जाते."

त्यांनी नको म्हटले नाही. होही म्हटले नाही. फक्त हातातले घड्याळ खाली ठेवले.

मी वाचू लागले. या वेळी आवाज माझ्या ताब्यात नव्हता. तू जिथे अडखळला असतास तिथे मीही अडखळले. तुझे 'व्हतं' आणि 'ठिवली' माझ्या तोंडाला सवयीचे नव्हते, पण मी एकही अक्षर सरळ केले नाही. तू लिहिले होतेस:

'हमीदभाई, मी सुदाम. पिशवी ठिवली त्यो मी. त्याच्या आधी बुधवारी दुपारी मी तुमच्या दुकानात आलो व्हतो. घड्याळ बंद पडलं म्हणलो. ते बंद नव्हतं. मीच चावी बाहेर वढली व्हती. तुम्ही चावी दाबली आन हसले. म्हणले, पोरा घड्याळ ठणठणीत हाय, तुझं ध्यान नाय. मग म्हणले, ऊन लई आहे, पंख्याखाली बस जरा. मी बसलो. तुमच्या बारक्या पोरीनं पाणी आणलं. मी पेलो. बसल्या बसल्या मी पायरीजवळची जागा बघून ठिवली. शनवारी आलो तवा तुम्ही मान खाली घालून काम करत व्हता. तुम्ही आत हाय हे मला दिसलं व्हतं. हाक मारावी असं एकदा आलं. मारली नाय. मला कुणी बळजबरी केली नव्हती. माफ करा असं मी लिहिणार नाय, ते तुमचं हाय. तुम्ही इचाराल ते सांगीन. ते घड्याळ मी परत घातलं नाय, खाम नदीत टाकलं. पाणी माठातलं व्हतं. लई गार व्हतं. अजून याद हाय. सुदाम.'

शमीमचा चिमटा कधीच थांबला होता. तिने भिंग डोळ्यावरून काढले नव्हते, आणि त्या भिंगातून ती माझ्याकडे नव्हे, दाराशेजारच्या कोपऱ्याकडे पाहत होती, जिथे आता पाण्याची प्लॅस्टिकची कॅन आहे.

हमीदभाईंनी हात पुढे केला. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला, बोटे ओळींवरून फिरवली, दोनदा गिरवलेल्या कान्यांनी कागदावर उठवलेले व्रण एकेक करून चाचपले, आणि कडेच्या तेलकट ठशापाशी अंगठा ठेवून थांबले. भिंतीवरची सगळी घड्याळे आपापल्या वेळेने चालत होती. त्यांचा चेहरा माझ्या ऑपरेशननंतर तू मला विचारला होतास, आणि आताही मला तो तुला सांगता येणार नाही, सुदाम. कारण त्यांनी तो खाली घातला होता, एखाद्या बारीक कामावर वाकावा तसा.

मग त्यांनी कागद माझ्याकडे परत दिला आणि म्हणाले,

"पुन्हा."